मोटारींच्या शर्यतीत पुढे कसे जातात?

घाटातल्या रस्त्याने प्रवास करणाऱ्याला पुढची मालमोटार मागे टाकण्याचा प्रसंग नवा नसतो. मालमोटार संथपणे चढण चढत असते; मागचा चालक भोंगा वाजवितो, समोरून कोणी येत नाही अशी खात्री करून घेतो आणि उजव्या अंगाने पुढे निघून जातो. पुष्कळदा पुढचा चालक स्वतः हात बाहेर काढून त्याला वाट देतो. हा व्यवहार सोपा वाटतो, कारण त्यात एक गाडी संथ असते व दुसरी वेगवान. शिवाय जो मागे पडतो त्याला मागे पडल्याचे काही दुःख नसते. मोटारींच्या शर्यतीत यांपैकी एकही सोय नाही. तेथे दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या वेगाच्या असतात, दोघांनाही एकाच वाटेने जावयाचे असते, आणि पुढच्याची मागे पडण्याची मुळीच इच्छा नसते. अशा स्थितीत पुढे जाणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ज्याला गाडी वेगाने हाकता येते त्याला ती आपोआप येतेच असे नाही.

मोटार-शर्यत म्हटली की जगप्रसिद्ध चालक, लक्षावधी रुपयांच्या गाड्या आणि दूरचित्रवाणीवरील झगमगाट यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या खेळाचा मोठा भाग हौशी लोकांचा आहे. इंग्लंडात १९३९ साली स्थापन झालेला ७५० मोटर क्लब हे त्याचे चांगले उदाहरण होय. ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त गाडीच्या चाहत्यांनी तो काढला, आणि त्या गाडीच्या सुमारे ७५० घन सेंटिमीटरच्या इंजिनावरूनच त्याला हे नाव मिळाले. पुढे लोटस गाड्यांमुळे नावारूपाला आलेला कॉलिन चॅपमन याच मंडळींत वावरलेला. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ पासून असेच कार्य करीत आली आहे. भारतात मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरविल्या व पुढे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे खास मार्ग बांधला. बेळगावकरांना जवळ असलेल्या कोल्हापुरातही कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचा, पक्का मार्ग आहे. या खेळात उतरणारी माणसे आठवडाभर नोकरी-धंदा करतात, पदरचे पैसे घालून गाडी सिद्ध करतात, आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होतात. म्हणून त्यांच्या दृष्टीने पुढे जाण्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू असते. गाडी मोडली तर ती दुरुस्त करून देणारा कोणी धनी मागे उभा नसतो. आणि शेजारच्या गाडीत बसलेला माणूसही आपल्यासारखाच संसारी असतो.

पुढे जाणे इतके कठीण का, हे समजण्यासाठी प्रथम वळणाचा विचार करावयास हवा. सरळ रस्त्यावर बहुतेक गाड्या सारख्याच पळतात. कमी-जास्त ठरते ते वळणावर. वळणातून जाताना गाडीला रस्त्याशी जखडून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे टायरची पकड. ही पकड मर्यादित असते. तिचा जेवढा भाग ब्रेक लावण्यात खर्च होतो तेवढा वळण्यासाठी कमी उरतो, आणि जेवढा वळण्यात जातो तेवढा वेग वाढविण्यासाठी कमी पडतो. ठराविक पगारात घर चालविणाऱ्या गृहिणीसारखी चालकाची स्थिती असते. एका खात्यावर जास्त खर्च केला की दुसऱ्या खात्याला कात्री लागलीच.

वळण जितके मोकळे, म्हणजे त्याची त्रिज्या जितकी मोठी, तितके ते अधिक वेगाने घेता येते. म्हणून चालक मार्गाच्या बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला येऊन सरळ मार्गाला लागतो. असे केल्याने रस्त्याची सगळी रुंदी उपयोगात येते व वळण शक्य तितके सौम्य होते. या वाटेला शर्यतीची वाट म्हणतात. प्रत्येक वळणाला अशी एकच उत्तम वाट असते आणि ती जवळजवळ एका गाडीपुरतीच असते. पुढची गाडी त्या वाटेवर आहे. मागच्याला पुढे जावयाचे तर ती वाट सोडावी लागणार. आणि ती सोडली की त्याचा वेग कमी होणार. पुढे जाण्याच्या प्रश्नाचे सारे मर्म या एका पेचात साठविलेले आहे.

वाट सोडण्याचा आणखी एक दंड असतो. शेकडो फेऱ्यांनी शर्यतीची वाट झाडल्यासारखी स्वच्छ होते, तिच्यावर रबराचा पातळ थर बसतो आणि पकड वाढते. उलट टायरमधून निघालेले रबराचे कण व धूळ वाटेच्या बाजूला साचतात, आणि त्यांवर चाक गेले की ते वाळूच्या दाण्यांवर पडल्यासारखे सरकते. पाऊस पडला म्हणजे मात्र पुष्कळदा याच्या उलट होते. घासून गुळगुळीत झालेली नेहमीची वाट निसरडी बनते आणि बाजूचा खरबरीत रस्ता अधिक विश्वासाचा ठरतो. कोरड्या दिवशी जेथून कोणी जाणार नाही अशा जागेतून पावसात एखादा जाणता चालक सहज पुढे निघून जातो.

नवशिक्याची पहिली फसगत होते ती अंतराच्या बाबतीत. दोन गाड्यांमध्ये एका सेकंदाचे अंतर आहे असे समजा. ताशी १६० किलोमीटर वेगाने धावताना गाडी एका सेकंदात सुमारे ४४ मीटर जाते. म्हणून सरळ मार्गावर मागच्याला पुढची गाडी ४४ मीटरांवर दिसते. वळणात वेग ताशी ८० किलोमीटरवर आला की तेच एका सेकंदाचे अंतर २२ मीटर होते. मागच्याला वाटते, आपण त्याला गाठले! वस्तुतः त्याने काहीच गाठलेले नसते. वळण संपून पुढचा वेग घेऊ लागला की तेच अंतर पुन्हा ताणले जाते, आणि मागच्याला वाटते की आपल्या इंजिनात बळ नाही. हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे हे अंतर प्रत्येक वळणापाशी मिटते व पुन्हा उघडते. भाता मिटलेला पाहून जो मुसंडी मारतो तो बहुधा पुढच्या गाडीच्या पाठीवर जाऊन आदळतो. अनुभवी चालक अंतर डोळ्यांनी मोजीत नाही. रस्त्याकडेच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपाशी पुढची गाडी गेल्यावर आपण तेथे किती वेळाने पोहोचतो, हे तो मनातल्या मनात मोजतो.

दुसरी फसगत ब्रेकची. पुढच्यापेक्षा उशिरा ब्रेक लावावा, आतल्या बाजूने घुसावे आणि वळण हिसकावून घ्यावे, अशी पुढे जाण्याची सर्वांत परिचित रीत आहे. पाहणाऱ्यांना ती फार आवडते, आणि नवशिक्यालाही तीच आधी सुचते. परंतु थोडे गणित करून पाहिले तर तिच्यातला धोका ध्यानात येईल. एखाद्या वळणाची त्रिज्या शर्यतीच्या वाटेने ५० मीटर आहे आणि टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी आहे असे धरले, तर त्या वळणातून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाता येते. आता आतल्या कडेने घुसणाऱ्याला वळण अधिक आखूड पडते. त्याची त्रिज्या ३६ मीटर झाली, तर त्याला ताशी ६८ किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवता येणार नाही. ताशी १६० वरून ८० वर येण्यास सुमारे ७६ मीटर लागतात. ६८ वर येण्यास सुमारे ८३. म्हणजे आतून जाणाऱ्याने ब्रेक उशिरा लावणे तर दूरच राहिले, त्याने उलट ७ मीटर आधी लावावयास पाहिजे! ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो उशिरा ब्रेक लावतो, वळणाच्या मध्यावर त्याला गाडी आवरत नाही, ती सरकत सरकत बाहेरच्या कडेला जाते, आणि तेथे आपल्या वाटेने निमूट चाललेल्या दुसऱ्या गाडीला घेऊनच थांबते.

मग ब्रेक लावताना पुढे जाताच येत नाही काय? येते, परंतु ते साधते मागची तयारी पुरी असली तरच. वळणाजवळ येईपर्यंत मागची गाडी पुढच्याच्या बरोबरीने, निदान तिच्या चालकाच्या खांद्यापर्यंत आलेली असली पाहिजे. एवढी जवळीक असली म्हणजे पुढच्या चालकाला ती गाडी दिसते, आणि आपण नेहमीप्रमाणे आत वळलो तर धडक होईल हे त्याला कळते. तो आपली वाट रुंद करतो, आणि आतला चालक कमी वेगाने का होईना, पण आधी वळणात शिरून त्याची वाट अडवितो. उलट गाडी केवळ मागच्या चाकापर्यंत पोहोचलेली असताना नाक खुपसले, तर पुढच्याला त्याची गंधवार्ताही नसते. तो आत वळतो आणि अपघात होतो. दोघेही परस्परांना बोल लावतात, परंतु जाणत्या निरीक्षकाला चूक कोणाची हे बहुधा लगेच दिसते.

ही बरोबरी कोठून येते? येथे या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. पुढे जाण्याची क्रिया ज्या वळणावर घडलेली दिसते तेथे ती सुरू झालेली नसते. ती त्याच्या आधीच्या वळणावर सुरू झालेली असते. आधीच्या वळणातून बाहेर पडताना मागच्या गाडीचा वेग पुढचीपेक्षा ताशी ५ किलोमीटरने जास्त असला, आणि तो फरक सरळ मार्गावर १० सेकंद टिकला, तर ती गाडी जवळजवळ १४ मीटर अंतर भरून काढते. म्हणजे तीन गाड्यांची लांबी झाली. यासाठी धैर्य लागत नाही, ब्रेकशी झटापट करावी लागत नाही. लागते ती केवळ वळणातून नीट बाहेर पडण्याची शिस्त.

आणि ही शिस्त नवशिक्याच्या उपजत बुद्धीच्या अगदी विरुद्ध असते. पुढच्याला गाठावयाचे म्हणून तो वळणात त्याच्या पाठीला चिकटतो. परिणामी पुढच्याने ज्या क्षणी वेग घेतला त्या क्षणापर्यंत यालाही थांबणे भाग पडते. किंबहुना जरा अधिकच, कारण नाही तर धडक होईल. जाणता चालक वळणापूर्वी मुद्दाम थोडा मागे राहतो. तो वळणात जरा उशिरा आत वळतो, आतल्या कडेला नेहमीपेक्षा पुढे जाऊन टेकतो, गाडी लवकर सरळ करतो आणि पुढच्याच्या आधी ॲक्सिलरेटर दाबतो. मागे ठेवलेली ती मोकळी जागा त्याला धाव घेण्यासाठी हवी असते. लांब उडी मारणारा खेळाडू रेषेपाशी उभा राहून उडी मारीत नाही, चार पावले मागे जाऊन धावत येतो. तसेच हे आहे.

सरळ मार्गावर त्याला आणखी एक साहाय्य मिळते, ते वाऱ्याचे. गाडीला हवेचा होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. पुढची गाडी हवा फोडीत जाते आणि तिच्या मागे विरळ हवेचा एक आडोसा तयार होतो. त्या आडोशात शिरलेल्या गाडीला कमी विरोध होतो आणि तिचा वेग वाढतो. वेग पुरेसा वाढला की तिने झटकन बाजूला निघून पुढे जावयाचे. इटलीतील मोंझा येथे १९७१ च्या ग्रां प्री शर्यतीत या आडोशाचा खेळ पराकोटीला पोहोचला होता. पीटर गेथिन अवघ्या एक शतांश सेकंदाने जिंकला, आणि पहिले पाच चालक मिळून एका सेकंदाच्याही आत होते. हौशी शर्यतींत फॉर्म्युला फोर्ड हा प्रकार या दृष्टीने उत्तम शाळा समजला जातो. १९६७ साली इंग्लंडात सुरू झालेल्या या प्रकारातील गाड्यांना हवेच्या दाबाने जमिनीशी चिकटविणारे पंख नसतात, म्हणून त्या वळणातही एकमेकींच्या जवळ राहू शकतात. पंख असलेल्या गाड्यांचे मात्र या आडोशात नुकसानही होते. हवा कमी मिळाल्याने पंखांचा दाब घटतो व वळणात पकड सुटते. शिवाय दीर्घकाळ दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिले तर थंड हवेअभावी इंजिन व ब्रेक तापतात. आडोसा चांगला असला तरी त्यात घर बांधून राहता येत नाही.

हे सारे एका ठिकाणी पाहावयाचे असेल तर इंग्लंडच्या केंट परगण्यातील ब्रँड्स हॅच या मार्गाकडे पाहावे. १९५० साली तेथे डांबरी मार्ग झाला आणि १९५४ साली ड्रुइड्स नावाचे वळण त्यात जोडले गेले. त्याच वेळी शर्यतीची दिशाही उलटी होऊन ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे झाली. हौशी शर्यतींत वापरला जाणारा तेथील लहान मार्ग दोन किलोमीटरांहूनही कमी लांबीचा आहे. पहिले वळण पॅडॉक हिल. ते उजवीकडे वळते आणि वळतावळताच एकदम उतारावर कोसळते. त्यानंतर चढ येतो, आणि चढाच्या माथ्यावर ड्रुइड्स हे उजवीकडेच वळणारे, केसाच्या आकड्यासारखे अरुंद वळण आहे. तेथून खाली उतरले की ग्रॅहॅम हिल नावाचे डावे वळण लागते.

ड्रुइड्सपाशी पुष्कळ चालक एकमेकांना मागे टाकतात. परंतु ज्याने पॅडॉक हिल वळण नीट घेऊन चढावर वेग मिळविला त्यालाच ते जमते. चढावर गमावलेला वेग भरून काढणे कमी शक्तीच्या गाडीला फार जड जाते. याहून मनोरंजक गोष्ट पुढे आहे. समजा, एकजण ड्रुइड्सला आतल्या, म्हणजे उजव्या बाजूने घुसला आणि पुढे गेला. त्याचा वेग आखूड वाटेमुळे कमी झालेला असतो आणि वळण संपताना तो बाहेर सरकतो. मागे पडलेला चालक शांत डोक्याचा असेल तर तो उशिरा आत वळून त्याच्या आतल्या अंगाने लवकर वेग घेतो व उताराला लागण्यापूर्वीच बरोबरी करतो. किंवा तो ड्रुइड्सच्या बाहेरून, डाव्या कडेने, त्याच्या शेजारीच चिकटून राहतो. पुढचे वळण डावे आहे. म्हणून एका वळणाची बाहेरची बाजू तीच दुसऱ्या वळणाची आतली बाजू ठरते, आणि हरलेला वाटणारा चालक अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा पुढे असतो. बुद्धिबळात प्यादे देऊन पुढच्या चालीत वजीर टिपावा, तशी ही खेळी आहे. म्हणून शिक्षक नवशिक्यांना सांगतात की वळणे सुटी सुटी मोजू नका. दोन दोन, तीन तीन वळणांची एक ओळ म्हणून वाचा.

वाचन हा शब्द येथे अगदी यथार्थ आहे. मागच्या चालकाला एक मोठा लाभ असतो. तो पुढच्याला पाहू शकतो. दोन-तीन फेऱ्या धीराने त्याच्या मागे राहिले, तर तो कोठे ब्रेक लवकर लावतो, कोणत्या वळणात त्याची गाडी डगमगते, कोठे वेग घेण्यास कचरतो, हे सर्व कळते. जेथे पुढच्याला आपण गाठतो तेथेच पुढे जाता येते असे नाही. पुष्कळदा गाठणे एका जागी होते आणि संधी दुसऱ्या जागी असते. कुस्तीतल्याप्रमाणे येथे हूलही देता येते. एका वळणावर दोन-तीन फेऱ्या आतल्या बाजूला नाक दाखवावे. पुढचा त्या बाजूचे रक्षण करण्यासाठी आत सरकू लागतो, आत सरकल्यामुळे त्याचे वळण आखूड होते, बाहेर पडताना त्याचा वेग घटतो, आणि मग खरा डाव पुढच्या सरळ मार्गावर टाकावा. हूल देणाऱ्याने कोणालाही स्पर्श केलेला नसतो. त्याने प्रतिपक्ष्याकडूनच चूक करवून घेतलेली असते.

आता जबाबदारीचा प्रश्न. रस्त्यावरील अपघातात दोष कोणाचा यावर जसा वाद होतो तसाच शर्यतीतही होतो. म्हणून संस्थांनी नियम करून ठेवले आहेत. अमेरिकन क्लबच्या नियमांचा सारांश असा, की पुढे जावयाचे किंवा नाही हा निर्णय आणि ते सुरक्षितपणे पार पाडणे ही पुढे जाणाऱ्याची जबाबदारी आहे; तर आपल्याला कोणी मागे टाकीत आहे याची जाणीव ठेवणे आणि त्याला आडवे न येणे ही मागे पडणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुढच्या चालकाला आपली जागा राखण्यासाठी एकदाच बाजू बदलण्याची मुभा आहे. नागमोडी चालून मागच्याला अडविणे हा अपराध ठरतो. आणि एक गाडी शेजारी आली की तिला गाडीभर जागा सोडलीच पाहिजे. पुढे असणे हा हक्क आहे, पण शेजाऱ्याला रस्त्याबाहेर ढकलण्याचा तो परवाना नव्हे.

झेंड्यांची भाषाही येथे आली. पिवळा झेंडा हलला की पुढे संकट आहे. हिरवा झेंडा दिसेपर्यंत कोणीही कोणाला मागे टाकावयाचे नाही. तेथे एखादी गाडी उलटलेली असू शकते आणि मदतीला धावलेला माणूस मार्गाच्या कडेला उभा असू शकतो. हे झेंडेवाले बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांच्या जिवाची हमी चालकांच्या संयमावर अवलंबून असते. निळा झेंडा सांगतो की मागून अधिक वेगवान गाडी येत आहे. तो दिसताच नवशिका गांगरतो आणि वाट देण्याच्या सद्भावनेने एकदम बाजूला होतो. हेच सर्वांत घातक. मागच्याने त्याच बाजूने जाण्याचे ठरविलेले असते! म्हणून मागे पडणाऱ्याला शिकवितात की आपली नेहमीची वाट सोडू नये, अपेक्षेबाहेर काही करू नये. पुढे जाणारा आपला मार्ग स्वतः शोधील. ब्रिटिश क्लबांच्या शर्यतींत नव्या चालकाच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावलेली असते. ती पाहून मागचे सावध होतात. त्यात कमीपणा नाही. शिकाऊ माणसाला सांभाळून घेण्याची ती रीत आहे.

मागे टाकलेली गाडी मागे पडली म्हणून नाहीशी होत नाही, हे विसरल्याने काय होते याचे भयंकर उदाहरण ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मां येथे घडले. माइक हॉथॉर्नने आपल्या जॅग्वारमधून लान्स मॅक्लिनची ऑस्टिन-हीली मागे टाकली आणि दुरुस्तीच्या थांब्यावर येण्यासाठी लगेच ब्रेक लावला. तेव्हा त्या थांब्यासाठी वेगळी वाट नव्हती. धडक चुकविण्यासाठी मॅक्लिन डावीकडे वळला, आणि मागून येणाऱ्या पिएर लव्हेगची मर्सिडीज त्याच्या गाडीवर आदळून प्रेक्षकांकडे फेकली गेली. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. चौकशीत कोणाही एका चालकाला दोषी धरण्यात आले नाही. वाढलेल्या वेगांना न पुरणारा जुना मार्ग हेच मुख्य कारण ठरले, आणि पुढे तो मार्ग व थांब्याची जागा बदलण्यात आली. दोष कोणाचा हा वाद तसाच ठेवला तरी शर्यतीच्या प्रत्येक शाळेत सांगावा असा धडा त्यातून निघतो. पुढे गेल्यानंतरचे काही क्षण हेही पुढे जाण्याच्या कृतीचाच भाग असतात. आरशात मागची गाडी पुरती दिसल्याखेरीज आपल्या वाटेवर परत येऊ नये, आणि तिच्यापुढे येताच अकस्मात वेग कमी करू नये.

ही विद्या शिकविण्याचा क्रमही ठरून गेलेला आहे. पहिल्या पायरीवर शर्यत नसतेच. सरावाच्या दिवशी नवशिके शिक्षकाला शेजारी बसवून मार्गावर उतरतात. अमेरिकेत अशा वेळी पुढचा चालक हाताने खूण करीपर्यंत मागच्याने पुढे जावयाचे नसते. इंग्लंडात बहुधा एकाच ठरलेल्या बाजूने आणि पुढच्याच्या संमतीने जाण्याची मुभा असते. येथे शिकणारा दोन गोष्टी शिकतो: आरसा पाहणे, आणि अभिमान गिळून वाट देणे. दुसऱ्या पायरीवर दोन गाड्या मुद्दाम शेजारी शेजारी वळणातून नेतात. एकदा आतून, एकदा बाहेरून. नेहमीची वाट सुटली म्हणजे ब्रेक किती आधी लावावा लागतो आणि शेजारी गाडी असताना आपली रेघ कशी सांभाळावी, हे अंगवळणी पडते. तिसरी पायरी म्हणजे झेंडे व नियम यांची परीक्षा देऊन मिळविलेला परवाना आणि पहिली शर्यत. पहिल्या शर्यतीत पहिल्या वळणापाशी सगळ्या गाड्यांची झुंबड उडते, टायर अजून थंड असतात आणि पकड कमी असते. तेथे जिंकलेल्या दोन जागांपेक्षा धडपणे पूर्ण केलेल्या दहा फेऱ्या नवशिक्याला अधिक शिकवितात.

सारख्या ताकदीच्या गाड्यांच्या शर्यतीत या शिक्षणाचा कस लागतो. अमेरिकेत माझदा मियाटा या दोन आसनी उघड्या गाडीच्या शर्यती फार लोकप्रिय झाल्या आहेत. सर्वांच्या गाड्या जवळजवळ एकाच मापाच्या असल्याने तेथे पैशाने वेग विकत घेण्याला फारसा वाव नसतो. उरते ती चालकाची समज. पुढे जाणारा दुसऱ्या फेरीत मागे पडतो आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा पुढे येतो. कधी दोघेजण परस्परांच्या आडोशाचा उपयोग करून, न भांडता, पुढच्या जोडीला गाठतात आणि मगच आपापसातला हिशेब चुकता करतात. कारण दोघे झगडू लागले की दोघांचाही वेळ जातो आणि तिसराच दूर निघून जातो. एखादी जागा आज सोडल्याने उद्याची मिळते हे व्यवहारज्ञान या खेळातही लागते.

आमच्या रस्त्यांवर पाट्या लावलेल्या असतात, ‘अति घाई, संकटात नेई’. शर्यतीच्या मार्गावर घाई हाच धर्म, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. परंतु तेथील शिक्षक नवशिक्याला जे शिकवितात ते बरेचसे या पाटीवरचेच असते. मात्र यावरून कोणी शर्यतीचे डाव सार्वजनिक रस्त्यावर आणू नयेत. शर्यतीच्या मार्गावर समोरून गाडी येत नाही, शाळेत जाणारी मुले रस्ता ओलांडीत नाहीत, बैलगाडी आडवी येत नाही, आणि प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस उभा असतो. रस्त्यावर यांपैकी काहीच नाही. तेथे शर्यतीतून नेण्यासारख्या गोष्टी फार साध्या आहेत: पुढच्याने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करून घेणे, जागा पुरती नसेल तर वाट पाहणे, पुढे गेल्यावर आरशात मागची गाडी पाहूनच आपल्या बाजूला येणे, आणि कोणी आपल्यापुढे जात असेल तर त्याला निमूटपणे जाऊ देणे.